दोन माणसांचं काम

गल्लीच्या टोकाच्या दोन मजली घरात वर शिंपीणवहिनी राहत आणि खाली राजे. राजे हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कारखान्यात कोणी हाक मारली तर हा माणूस मान वळवायचा नाही. कधी मनात आलं तर बघायचा, नाही तर आपल्याच तोऱ्यात पुढं चालू लागायचा. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "राजांची स्वारी आज बोलत नाही वाटतं," आणि ते नाव चिकटलं. पुढं कारखाना सुटला, नाव काही सुटलं नाही. राजांना ते आवडत होतं अशातला भाग नाही. पण ते पुसायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा शिष्ट ठरलेलं त्यांना चालत होतं.

खरं कारण एवढंच होतं की राजांना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरे नव्हते ते. ट्रक गेला, दार आपटलं, ढग गडगडले की त्यांना कळायचं. जाडेभरडे आवाज छातीत येऊन पोचायचे. पण बारीक आवाज, म्हणजे शिट्टी, पाखरं, फोनची घंटी आणि बायकांचं बोलणं, हे सगळं एकेक करून निघून गेलं होतं. राजे आयुष्यभर लेथवर उभे राहिले आणि त्यांच्या लेथच्या शेजारीच पत्र्याला भोकं पाडणारे प्रेस होते. कानात कापूस घालायची सोय होती, पण कापूस घालणाऱ्याची बाकीचे टर उडवायचे, आणि राजे तेव्हा तरुण होते. त्या गोंगाटात सगळेच हातवाऱ्यांनी बोलत, त्यामुळे कान कामातून चाललेत हे बरीच वर्षं त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा कारखान्यात सगळ्यांचे कान तपासायची टूम निघाली होती. तपासणारे यायच्या आतच राजांनी राजीनामा देऊन टाकला. कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. राजे हसले, मान हलवली आणि निघाले. लोक म्हणाले, बघा, जाताना तरी तोरा उतरला का?

बहिरेपण लपवणं हे फार कष्टाचं काम आहे. लंगड्याला निदान काठी दिसते. राजांनी दोन हत्यारं तयार ठेवली होती. एक म्हणजे हसून मान हलवायची. दुसरं म्हणजे एक वाक्य: "असंच असतं." हे वाक्य इतकं गुणी आहे की बारशाला चालतं, मयताला चालतं, पाऊस पडला तरी चालतं आणि नाही पडला तरी चालतं. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं की राजे म्हणत, "असंच असतं," आणि काढता पाय घेत.

या वाक्यानं सगळीकडे निभावलं असतं तर मग काय हवं होतं! त्यांची धाकटी बहीण दूरच्या शहरात राहायची. राजे फोन घेत नाहीत म्हणून ती बोलून रेकॉर्ड केलेले निरोप पाठवायची. राजांच्या फोनवर ते एकाखाली एक जमत. ते ऐकायला कोणाला सांगायचं? म्हणून राजे प्रत्येकाला अंगठा पाठवायचे. अंगठा म्हणजे ठीक आहे, छान, पोचलं. एका निरोपात बहीण सांगत होती की तिची सासू गेली, घरात कोणी नाही, दादा तू ये. दादानं अंगठा पाठवला. त्यावर तिनं काही दिवसांनी लिहून पाठवलं, "तुझ्यासारखा दगड मी पाहिला नाही," आणि मग ती गप्प झाली. राजांनी खुलासा करायला घेतला, दोनदा लिहिला, दोनदा खोडला. बहिणीला कळलं असतं तर तिनं डॉक्टर, यंत्र, कीव, सगळंच आणलं असतं. राजांना कीव नको होती. खरं सांगायचं तर त्यांना बहीण हवी होती, पण दोन्ही एकत्र येतात म्हटल्यावर त्यांनी दोन्हीवर पाणी सोडलं.

आता बग्गीचं सांगतो. बग्गी म्हणजे घोडा जोडायची नव्हे. वाळूतून, खडीतून उड्या मारत पळणारी, उघड्या नळ्यांच्या सांगाड्याची मोटार असते ना, तिची ही धाकटी प्रत. धाकटी म्हटलं तरी चांगली मोठ्या कुत्र्याएवढी. आत खरं पेट्रोलचं इंजिन असतं आणि आपण हातात रिमोट धरून लांब उभं राहायचं. गोदामांच्या मागं एक खाणीचं उजाड मैदान होतं. तिथं दर रविवारी सकाळी काही माणसं असल्या गाड्या घेऊन जमायची. राजे एकदा फिरत फिरत तिथं पोचले आणि उभे राहिले ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत.

गाड्या बघण्यासारख्या होत्याच, पण राजे बघत होते माणसांकडे. सगळे एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे होते आणि कोणीही कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा गाड्यांवर. बोलणं म्हणजे एखादा हात वर, एखादं बोट पुढं. गाडी उलटली की जवळचा माणूस धावत जाऊन ती सरळ करायचा आणि मालक दुरूनच हात हलवायचा. त्या एवढ्या इंजिनांच्या आवाजात तिथं कोणालाच धड ऐकू येत नव्हतं. म्हणजे तिथं सगळेच राजे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की इथं आपल्याला माणसांत उभं राहता येईल.

मग गाडी विकत का नाही आणली? एक तर दुकानात जायचं म्हणजे दुकानदाराशी बोलायचं. आणि दुसरं म्हणजे माणूस टर्नर होता. दुसऱ्यानं कापलेला गिअर आपल्या गाडीत बसवायचा म्हणजे त्याला दुसऱ्याचे दात लावून जेवल्यासारखं वाटलं असतं. कारखान्यातून मोडीत काढलेला एक छोटा लेथ त्यांनी आधीच घरी आणून ठेवला होता. खालच्या खोलीत आता लेथ, बाकडं, पलंग आणि राजे मावत होते. पाहुणा मावला नसता, पण पाहुणा येणार होता कुठून?

सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यापासून केली. ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिला भोकं, भोकांना आटे. मग चाकांना धरणारे हात, मग स्प्रिंगा, मग नळ्या वाकवून केलेला पिंजरा. गाडी बांधायला लागल्यावर राजांना कळलं की जगातली निम्मी कामं दोन माणसांची असतात. नट एका बाजूला, बोल्ट दुसऱ्या बाजूला. इकडं पान्यानं फिरवावं तर तिकडं कोणीतरी धरून ठेवायला हवं. नळी वाकवायची तर एकानं दाबायची आणि दुसऱ्यानं कोन बघायचा. तेलाचे ब्रेक भरताना तर एकानं ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं चाकापाशी बसून हवा सोडायची. राजांनी दुसरा माणूस स्वतःच्याच अंगातून काढला. नट गुडघ्यात धरला. नळीला दोरी बांधून ती पलंगाच्या पायाला ताणली. ब्रेकच्या वेळी रिमोट हनुवटीखाली दाबला, पान्याला हात लांब केला आणि मान अशी काही वाकडी केली की पुढचे कित्येक दिवस ती तशीच राहिली. पण हवा निघाली. राजे त्या दिवशी फार खूश होते. कोणाला सांगावं असं वाटून ते दारापर्यंत गेलेसुद्धा, आणि दारातून अंगण बघून परत आले.

अंगणातूनच वर जायचा लोखंडी जिना होता. वर वहिनींचं शिलाई मशीन, आणि तेव्हा वहिनींचे यजमानही होते. ते रात्रीच्या गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळे दिवसा झोपायचे. राजे दिवसभर कानस घेऊन ॲल्युमिनियम घासायचे. कानशीचा आवाज म्हणजे दात आंबवणारा, आणि तो नेमका राजांच्या कानातून गेलेल्या आवाजांपैकी होता. आपण शांतपणे एका कोपऱ्यात काम करतोय, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. एके दुपारी ड्रायव्हरभाऊ लाल डोळ्यांनी खाली आले आणि दारात उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलले. हातवारे केले, वर बोट दाखवलं. त्यांना भरघोस मिशा होत्या, ओठांचा काही पत्ताच लागत नव्हता. बोलणं थांबल्यावर राजांनी हसून मान हलवली आणि म्हणाले, "असंच असतं."

ड्रायव्हरभाऊ जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी राजांनी पुन्हा कानस घेतली.

त्यानंतर लवकरच ड्रायव्हरभाऊ गेले. दुपारी काहीतरी झालं, दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं. राजांना संध्याकाळी अंगणात माणसं जमलेली दिसली तेव्हा कळलं. ते वर गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. राजांकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्यांनी राजांकडे पाहिलं. राजांच्या तोंडातून आपोआप ते वाक्य बाहेर पडलं. मग ते खाली आले आणि दार लावून बसले.

त्या दिवसापासून वहिनींनी राजांशी बोलणं टाकलं. आधी जिन्यात भेट झाली की भाऊजी म्हणायच्या, काही विचारायच्या. आता तोंड फिरवून जायच्या. शेजारीण दुःखात आहे, असंच असणार, असं राजांनी मनाशी धरलं. आणि आता लाज वाटली तरी सांगतो, त्यांना थोडं हायसंच वाटलं. मान हलवायला लागेल असं आणखी एक तोंड कमी झालं. माणूस एकटा पडतो तो असा, दर खेपेला थोडं हायसं वाटत वाटत.

अशी वर्षं गेली आणि गाडी उभी राहिली. इंजिन होतं गवत कापायच्या जुन्या यंत्राचं, भंगारवाल्याकडून आणलेलं. बांधणी झाली, क्लच बसला, रिमोटचा हुकूम चाकं पाळायला लागली. उरलं एकच काम: इंजिनाचं पेट्रोल जुळवायचं. कार्ब्युरेटरला बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन फुरफुरतं, धाप टाकतं. आवळत गेलं की ते मोकळं होतं, जोरात पळतं. पण आणखी आवळलं तर घात होतो, कारण असल्या इंजिनाचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन कोरडा पडतो, तापतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. कुठं थांबायचं ते आवाजावरून ठरवतात. आवाज घट्ट असतो तोवर ठीक, आणि तो बारीक होऊन किंचाळायला लागला की स्क्रू लगेच मागं घ्यायचा. ही गोष्ट राजांना पक्की ठाऊक होती. पण ते किंचाळणंच त्यांना ऐकू येणार नव्हतं.

राजांनी कानाचं काम तळहाताला दिलं. गाडी ठोकळ्यावर चढवली, चाकं अधांतरी ठेवली, इंजिन चालू केलं, पिंजऱ्यावर डावा हात ठेवला आणि उजव्या हातानं स्क्रू आवळायला लागले. इंजिन आधी हाताला खडबडीत लागत होतं. मग मऊ लागायला लागलं. आणखी मऊ. शेवटी असं काही गुळगुळीत झालं की राजांचे डोळे मिटले. हेच ते, असं म्हणून ते गाडी घेऊन एका आडवारी, कोणी नसताना, खाणीच्या मैदानावर गेले. गाडी पळाली, काय पळाली! खडीच्या ढिगावरून उडून पलीकडं उतरली, धुळीचा लोट उठवत वळली आणि मध्येच जागच्या जागी थांबली. राजांनी जवळ जाऊन इंजिन चालू करायची दोरी ओढली. दोरी हलेना. पिस्टन चिकटला होता.

हाताला सगळ्यात गोड लागतं ते इंजिन मरायच्या जरा आधी. हाताच्या भरवशावर राहणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर होतो. प्लगचा रंग बघून अंदाज येतो, राजे तेही करत होते, पण प्लग झालेलं सांगतो, होणारं सांगत नाही. भंगारवाल्यानं दुसरा पिस्टन शोधून दिला. राजांनी तोही तसाच, मऊ मऊ करत चिकटवला. मग घाबरून स्क्रू एवढा सैल ठेवला की गाडी धूर ओकत अंगणातला चढसुद्धा चढेना. लेथवर स्वतः पिस्टन करून पाहिला, तो तडकला. भंगारवाल्यानं शेवटी एक पिस्टन पाठवला आणि सोबत चिठ्ठी: आता या जातीचं माझ्याकडं काही नाही, कोणाकडंही नाही.

मैदानावरच्या कोणाला गाडी दाखवली असती तर त्यानं एका मिनिटात जुळवून दिली असती. पण त्याला काय सांगायचं? लेथवर जन्म काढलेल्या माणसाला स्क्रू जुळवता येत नाही, असं का, हे तो विचारणारच. मग त्या ओळीत राजे उभे राहिले असते ते बिचारे म्हणून. त्यापेक्षा नको ते मैदान. हाही पिस्टन गेला तर गाडी बाकड्याखाली सरकवायची आणि त्या खोलीत आपण एकटे राहायचं, असं राजांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवलं होतं, पण स्क्रूला हात लावायचा धीर होत नव्हता. नवा पिस्टन बसवलेली गाडी कित्येक दिवस कापडाखाली झाकलेली होती.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी ती अंगणात काढली. इंजिन चालू केलं, नीट तापू दिलं, तळहात ठेवला, स्क्रू आवळायला सुरुवात केली. खडबड कमी झाली. आणखी जरा. हात घामेजला होता. आणखी जरा. हाताखाली सगळं मऊ व्हायला लागलं आणि राजे अडले, कारण इथंच थांबायचं की अजून थोडं पुढं, हे सांगणारं अंगात काहीच नव्हतं.

तेवढ्यात बाजूला सावली पडली. वहिनी होत्या. केस सुटलेले, गळ्यात मापाची टेप, आणि तोंड भराभरा हलत होतं. एवढ्या वर्षांनी बोलत होत्या म्हणजे रागावल्या असणार. राजांनी सवयीनं हसून मान हलवली. त्यावर वहिनी आणखी जोरात बोलायला लागल्या. राजांनी आणखी मान हलवली आणि स्क्रूकडे वळले. तेव्हा वहिनी खाली वाकल्या, त्यांनी राजांचं मनगट धरलं आणि स्क्रूड्रायव्हरसकट उलटं फिरवलं.

तळहाताखाली इंजिन किंचित खडबडलं. मग त्यानं एक ताल धरला, मऊही नाही आणि धापही नाही, आणि तसंच चालत राहिलं. राजांनी रिमोटचा चाप ओढला. चाकं गरगरली, जोर आला, सोडला तसा उतरला. पुन्हा ओढला, पुन्हा तसंच. त्यांनी इंजिन बंद केलं आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी एकेक शब्द सुटा करत विचारलं, आणि राजांना ते ओठांवरून कळलं.

"दर वेळी ते एवढं किंचाळतं, मग मरतं. वर मला ऐकवत नाही. तुम्हाला कसं ऐकवतं?"

कोणी असं सरळ विचारलंच नव्हतं कधी. विचारलं असतं तर कदाचित राजांनी आधीच सांगितलं असतं, कोण जाणे. त्यांच्या तोंडाशी ते जुनं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला ऐकू येत नाही, वहिनी."

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या. "कधीपासून?"

"कारखान्यातच गेले कान. पुष्कळ वर्षं झाली."

"म्हणजे हे होते तेव्हाही?"

"त्याच्याही आधीपासून."

वहिनींनी तोंड फिरवलं. त्या जिन्याच्या कठड्याकडे बघत काहीतरी बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. राजांना त्यांचा गाल दिसत होता, हनुवटी थरथरताना दिसत होती, शब्द एकही मिळत नव्हता. त्यांची मान आपसूक हलायला लागली. अर्ध्यात त्यांनी ती थांबवली. ती थांबवायला किती बळ लागलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मला नाही कळलं काही," ते म्हणाले. "इकडे बघून सांगा."

वहिनींनी वळून पाहिलं. जे एकदा सांगताना एवढा त्रास झाला ते आता पुन्हा सांगायचं होतं, तेही तोंडासमोर, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. त्यांनी टेपचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"मी हाक मारली होती तुम्हाला!"

राजे ओठ नीट दिसावेत म्हणून जवळ सरकले.

"हे वर पडले होते. शुद्ध नव्हती. मला एकटीला उचलवेनात, जिन्यावरून कसे उतरवणार? खाली धावत आले. तुमचं दार उघडं होतं. इथं, या दारात उभी राहून ओरडले. भाऊजी, भाऊजी! किती वेळा ओरडले. तुम्ही पाठमोरे होतात, घासत बसला होतात. मी हाक मारतेय आणि तुम्ही हात लांब केलात, दिवा जवळ ओढलात आणि आणखी खाली वाकलात. मला वाटलं, हे त्या दिवशी आवाजावरून बोलले त्याचा तुम्ही राग धरलाय."

"मग?"

"मग काय? रस्त्यावर पळाले. टेम्पोवाला आला, त्यानं उचललं." वहिनींनी डोळे पुसले, पण तोंड राजांकडेच ठेवलं. "डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी वाचले नसते. त्याचा दोष नाही देत मी तुम्हाला. पण तेव्हापासून मी रोज वरून खालचा आवाज ऐकतेय. वाटायचं, खाली माणूस आहे. त्याला माझी हाक ऐकू आली आणि तो उठला नाही. घर सोडून जाईन म्हणाले, जायला दुसरी जागा नव्हती. त्याच माणसाच्या डोक्यावर राहिले इतकी वर्षं."

राजांना पुष्कळ बोलायचं होतं. 

"मी उठलो असतो," ते एवढंच म्हणाले. "ओ दिली असती मी, वहिनी. धावत आलो असतो."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तेच तर." आणि उठून जिना चढून गेल्या.

राजे अंगणात उभे राहिले. गाडी ठोकळ्यावर तयार होती. स्क्रू वहिनींनी फिरवला तिथंच होता, इंजिन अजून कोमट होतं, रविवार होता आणि मैदानावर आता माणसं ओळीनं उभी असणार होती. टाकीत पेट्रोल होतं. गाडी उचलून हातगाडीवर ठेवायची, वीस पावलं टाकली की गल्ली संपते. इतकी वर्षं ज्यासाठी मान वाकडी केली ते सगळं समोर होतं. राजांनी गाडीवर कापड टाकलं आणि जिन्याकडे वळले.

जिना चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते. वर वहिनी रडताहेत की गप्प आहेत की काही आपटताहेत, यातलं काहीच त्यांना कळायला मार्ग नव्हता. दार उघडं होतं. वहिनी पाठमोऱ्या, मशीनवर बसलेल्या. पाय चालत होता, कापड सुईखालून सरकत होतं.

"वहिनी," राजांनी हाक मारली.

वहिनी वळल्या नाहीत. आपला आवाज पुरेसा निघाला की नाही, हेही राजांना कळत नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्यांनी कोणाला हाक अशी मारलीच नव्हती. त्यांनी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. पाय चालतच राहिला. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, किंवा ऐकू येऊनही वळायचं नसेल. वळायचं नसेल तर तेही बरोबरच होतं. दारातूनच माघारी फिरावं असं राजांना फार वाटलं. खाली खोली होती, दार होतं, आणि दार लावलं की थोडं हायसं वाटलं असतं.

ते आत गेले. उंबऱ्याच्या आत त्यांनी त्या दिवसानंतर पाऊल टाकलं नव्हतं. कापडांचे ढीग चुकवत, भिंतीच्या कडेनं, ते मशीनला वळसा घालून पलीकडे गेले, जिथून वहिनींचं तोंड दिसत होतं. वहिनींचे ओठ हलत होते. त्या बोलत होत्या, एकट्याच, कापडाकडे बघत. आजच बोलत होत्या की रोजच अशा एकट्या बोलायच्या, कोण जाणे. राजांनी स्टूल ओढलं आणि समोर बसले.